बारदान वजा वीस किलो

बायकोची पेटी आपल्याच काट्यावर तोलायची, असं मडिवाळप्पांनी ठरवलं. तिथंच सगळं बिघडलं.

सोलापूरच्या बाजारात त्यांची धान्याची अडत. शाळा दुसरीपर्यंत, पण वजनाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. लेक रुद्राणी लंडनला, पहिलं बाळंतपण, जवळ आपलं माणूस नाही. जावयानं सासूचं विमानाचं तिकीट धाडलं आणि बजावलं, सामान वीस किलोच न्या.

त्यांच्या बायकोनं, ईरम्मांनी, डिंकाचे लाडू, शेंगाचटणी, कडक भाकरी, बाळाची दुपटी आणि एक सोलापुरी चादर काढली. मडिवाळप्पांनी पेटी भरून तोलली आणि पेटीचं वजन वजा केलं. बरोबर वीस भरले. पोत्यातल्या ज्वारीचा भाव ठरतो. पोतं म्हणजे बारदान, ते कुणी धरत नाही. पेटी लोखंडी होती, वर तेलरंगात त्यांचं नाव होतं, म्हणून काय ती माल झाली?

"पेटी धराय नगं का?" ईरम्मांनी विचारलं.

"चाळीस वर्सं तोलतोय मी." (एवढं बोलले की घरात पुढं कुणी बोलत नसे.)

मुंबईच्या विमानतळावर काट्यानं एकतीस दाखवले. खिडकीतल्या पोरानं जादा वजनाचा आकार सांगितला. तेवढ्या पैशात एक खिलारी बैल आला असता.

"पेटी वजा करा," मडिवाळप्पा म्हणाले. "बारदान हाय ते."

पोरगा नम्र होता. "आजोबा, विमानाला पेटीसकटच उडावं लागतं."

मडिवाळप्पांनी त्याच्या काट्यात खोट काढली. नियम कुणी केला ते विचारलं. मागे रांग वाढली. शेवटी ते म्हणाले, चल घरी, अशा लबाडांच्या विमानात बसायचं नाही.

ईरम्मा जन्मात नवऱ्याला उलट बोलल्या नव्हत्या. त्या कानडीत एवढंच म्हणाल्या, "सुम्नीर्री." गप्प बसा. मग मराठीत, "लेक वाट बघाय लागलीय. पेटीला बोलावलं न्हाय तिनं, मला बोलावलंय."

त्यांनी फरशीवर चादर पसरली आणि पेटी पालथी केली. मडिवाळप्पा क्षणभर ताठ उभे राहिले. मग त्यांनी अंगातला काळा कोट काढून सामानाशेजारी ठेवला, गुडघे टेकले आणि हमालासारख्या गाठी आवळल्या. गाठोडं काट्यावर गेलं. वीस, आणि वर थोडं. पोरानं त्या वरच्या थोड्याकडं बघितलंच नाही.

"सांगितलं व्हतं की वीसच," मडिवाळप्पा म्हणाले.

ईरम्मा मोकळ्या हातानं आत गेल्या. दाराशी वळून हसल्या. विमान उडालं, तेव्हा मडिवाळप्पांनाही छातीत हलकं वाटलं. जरा गारही वाटलं. बघतात तर कोट नाही. वीसच्या वरचं थोडं, ते म्हणजे तो कोटच. कोटाच्या खिशात परतीचं रेल्वेचं तिकीट आणि सगळे पैसे होते.

पेटी त्यांनी एका टॅक्सीवाल्याला विकली, नावासकट. त्या पैशात सोलापूर गाठलं आणि बाजारात सांगितलं, "पेटीसकट गेली. मी काय सोडतो व्हय?" बाजारानं माना डोलावल्या. पुढं ज्याच्या घरचं कुणी परदेशी निघे, तो सल्ल्याला अडतीवर येऊ लागला. मडिवाळप्पा तो देतही होते.

महिन्याभरानं दुकानातला फोन वाजला. मुनीम गुरप्पा ओरडला, "लंडन हाय, आप्पा." हमालांनी पोती खाली ठेवली. त्या दिवशी लाईन इतकी खणखणीत होती, की ईरम्मा पलीकडच्या अडतीतूनच बोलतायत असं वाटावं.

"नात झाली. दोघी झ्याक हायत. लाडू पुरलं."

मडिवाळप्पा गादीवर बसले. डोळे पुसले ते कुणी बघितलं नाही, असं सगळ्यांनी दाखवलं. गुरप्पा पेढे आणायला माणूस धाडू लागला.

"अवो, आन् तुमचा कोट हितं आलाय," ईरम्मांचा आवाज दुकानभर घुमला. "खिशात गाडीचं तिकीट हाय, पैसं हायत. मग तुमी घरी कसं गेला? आन् माझी पेटी कुटं हाय?"

हमालांनी आप्पांकडं बघितलं. मडिवाळप्पांनी फोन कानाशी घट्ट दाबला.

"काय ऐकू येईना बघ," ते म्हणाले. "लाईन लई खराब हाय."