नऊच्या ठोक्याला

पाळक झुंबरराव पाटोळे यांची सहा वर्षांत पाच वेळा बदली झाली होती, आणि प्रत्येक गावात त्यांनी काही ना काही सुधारणा केली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असावा, असं त्यांच्या पत्नी सुगंधाबाईंना वाटे. पाळकांना तसं वाटत नसे. म्हणून बोईसर-तारापूर रस्त्यावरच्या छोट्याशा ख्रिस्ती देवळात नेमणूक झाली तेव्हा सुगंधाबाईंनी ट्रंकेतली वरची दोन लुगडी तेवढी काढली आणि खालचं सामान तसंच राहू दिलं.

"या खेपेला काही सुधारू नका," त्या म्हणाल्या. "मिशनचे अध्यक्षसाहेब वर्षअखेरीला कायम करतील. माझं आता ट्रंक उचलायचं वय नाही."

पाळकांनी मान डोलावली. महिनाभर त्यांनी शब्द पाळलाही. पण त्या महिन्यात त्यांच्या जिवाची नुसती तगमग झाली. कारण या मंडळीत रविवारच्या उपासनेला वेळच नव्हती. एका रविवारी ती सकाळी आठला झाली, पुढच्या रविवारी दुपारी दोनला. मंडळी यायची ती सगळी खाडीपलीकडच्या वस्तीतून, मिठागरात राबणारी माणसं. आधीच्या पाळकांनी वेळ सांगायचं काम मंडळीतले वडीलधारे नवशा यांच्यावर सोपवलं होतं, आणि नवशा मनात येईल ती वेळ सांगतो अशी झुंबररावांची समजूत झाली.

त्यात खंडेराव येऊन पेटला. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं. त्यावर नगर जिल्ह्यातून आलेली चार ख्रिस्ती कुटुंबं होती आणि खंडेराव त्यांचा म्होरक्या.

"साहेब, आपल्या जामखेडला नऊ म्हंजे नऊ! हितं सुट्टीच्या दिशी आम्ही कवा यायचं न् कवा जायचं? ही काय रीत झाली व्हय?"

पाळक मूळचे जामखेडचेच. मग काय विचारता! पुढच्याच उपासनेत त्यांनी जाहीर केलं, "येत्या रविवारपासून उपासना सकाळी नऊच्या ठोक्याला. कायमची."

नवशा उभा राहिला. बोटांची पेरं मोजत म्हणाला, "येता रविवार म्हंजे चौथ. चौथीला नऊ बसतील साहेब. पन त्याच्या पुढं बारस हाय, तवा..."

"तिथी?" पाळक कडाडले. "देवळात उभं राहून तिथी मोजता? मुहूर्त बघता? अहो, प्रभूच्या दारी कसली चौथ आणि कसली बारस!"

यावर त्यांनी पाऊण तास उपदेश केला. फार चांगला झाला तो. नवशाने मोजायचा हात पाठीमागे लपवला आणि त्या दिवसापासून पाळकांसमोर तिथीचं नाव काढायचं नाही, असं अख्ख्या वस्तीने ठरवून टाकलं.

चौथीच्या रविवारी नऊच्या आत देऊळ भरलं. सत्तरीची चिमी म्हातारीसुद्धा पुढच्या चटईवर येऊन बसली. पाळकांनी दारातूनच सुगंधाबाईंकडे विजयी नजर टाकली. त्या रविवारी सुगंधाबाईंनी ट्रंकेतून तिसरं लुगडं काढलं.

त्याच्या पुढच्या रविवारी मात्र देवळात खंडेरावची चार कुटुंबं आणि एक कुत्रं यांखेरीज कोणी नव्हतं. पाळकांनी दहापर्यंत वाट पाहिली. मग रिकाम्या चटयांकडे बघत त्यांनी 'मेंढपाळ आणि कळप' यावर उपदेश केला, आणि मध्येच त्यांचा आवाज फुटला. जेवणही गेलं नाही.

सोमवारी तिसऱ्या प्रहरी नवशा त्यांना वस्तीवर न्यायला आला. नेहमी तोच न्यायचा, आणि त्याला सोयीचं वाटेल त्याच वेळी. मध्ये चिखलाचा एक रुंद पट्टा लागायचा. त्याला लोक खाडी म्हणत. पाळक आपले त्याला ओढा समजत. जामखेडकडचे ओढे दहा महिने असेच कोरडे असतात.

"नवशाबाबा, खरं सांगा. माझं काय चुकलं?"

नवशाचा हात आपोआप वर आला. त्याने तो घाईघाईने पाठीमागे नेला. "कसं सांगू साहेब? तुमी रागवाल."

चिमीला विचारलं तर ती म्हणाली, "आमी निंगालो ना! सगली निंगालो. दोन तास उभी रायलो न् मंग परत फिरलो."

पाळकांनी मनाशी हिशेब केला. माणसं घरून निघाली, आणि दोन तास उभी राहून माघारी फिरली! पाळकाचं तोंड पाहायचं नाही, एवढा राग! हा सरळ सरळ बहिष्कार होता. त्यांनी त्या संध्याकाळी घरोघर जाऊन हात जोडले. "माझ्यासाठी नको, प्रभूसाठी या. येत्या रविवारी, नऊला."

"येऊ की साहेब," प्रत्येक जण म्हणाला. "येत्या रविवारी नऊला नक्की."

आणि खरोखरच आले! एकूण एक आले. पाळकांना भरून आलं. त्याच दुपारी त्यांनी अध्यक्षसाहेबांना पत्र टाकलं: मंडळीला वळण लागलं आहे, येत्या रविवारी नऊच्या ठोक्याला समक्ष येऊन पाहावं. सुगंधाबाईंनी ट्रंक रिकामी करून उन्हात ठेवली.

येत्या रविवारी एकादशी होती, हे त्यांना कोण सांगणार?

अध्यक्षसाहेब आदल्या दिवशी पालघरला उतरले आणि सकाळी पावणेनऊला देवळात हजर झाले. नऊ वाजले. सव्वानऊ झाले. अध्यक्षसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, चटयांकडे पाहिलं, मग पाळकांकडे पाहिलं. खंडेरावने उगाचच एक गीत सुरू केलं आणि दुसऱ्या कडव्याला सोडून दिलं.

"पाटोळे, मंडळी कुठे आहे?"

पाळकांचा धीर सुटला. "साहेब, त्यांनी मला टाकलंय. एका रविवारी जीव लावतात, दुसऱ्या रविवारी लाथाडतात. मी या कामाच्या लायकीचाच नाही. मला पुन्हा कुठंही पाठवा, नाहीतर घरी पाठवा."

"आधी वस्तीवर चला," अध्यक्षसाहेब म्हणाले.

पाळक पुढे, अध्यक्षसाहेब मध्ये, खंडेराव मागे, अशी वरात निघाली. माडांची रांग संपली आणि पाळक जागच्या जागी थांबले. समोर ओढा नव्हता. इकडच्या काठापासून तिकडच्या काठापर्यंत पुरुषभर पाणी लोटत होतं.

"अरे देवा!" पाळक म्हणाले. "एवढा पाऊस कुठं झाला?"

"धरण फुटलं जनू," खंडेराव म्हणाला.

पलीकडच्या काठावर अख्खी मंडळी उभी होती. पांढरेधोट कपडे, तेल लावून बसवलेले केस, काखेत गीतांची पुस्तकं. सगळ्यांत पुढे काठी टेकून चिमी.

"सलाम साहेब!" नवशा ओरडला. "पानी भरलंय!"

"हे नेहमी भरतं?" पाळकांनी ओरडून विचारलं.

"दिसातून दोनदा! दर दिसाला वेल पुढं सरकते. चौथीला नऊला सुकी असते, एकादस-बारसला नऊला भरती. तिथीवरच समजतं साहेब. पन तुमी तिथीचं नाव काडू देत नाय!"

"होडी नाही का तुमच्याकडे?"

"आमी मिठागरातली मानसं, होडी कोल्यांकडं! न् पुलावरून आठ मैल पडतात!"

"अहो, मग इथं दोन दोन तास उभे कशाला राहता?"

यावर चिमी म्हातारीने काठी उचलली. तिचा आवाज बारीक होता, पण पाण्यावरून स्वच्छ आला. "तुमीच म्हनालात ना, नऊ म्हंजे नऊ! आमाला वाटलं, तुमी बायबलातल्या मोशेवानी पानी दुभागनार. मागल्या खेपेला जमलं नसंल, आज जमंल म्हनून थांबलो."

ज्या माणसांनी आपल्याला टाकलं म्हणून पाळक तळमळत होते, ती माणसं समुद्र हटेल या भरवशावर उन्हात उभी होती. त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. अध्यक्षसाहेबांनी खिशातून एक लिफाफा अर्धा बाहेर काढला, पाळकांना दाखवला आणि परत आत ठेवला.

"कायम केल्याचा कागद आणला होता मी. आता तो पुढच्या रविवारी. या लोकांना विचारून वेळ ठरवा आणि भरलेल्या देवळात माझ्या हातून घ्या. त्या नऊचा नाद मात्र सोडा."

"सोडला साहेब," पाळक म्हणाले. ते थेट पाण्यापर्यंत खाली उतरले, बुटांत पाणी शिरलं तरी थांबले नाहीत, आणि छातीतून ओरडले, "मंडळी, मला क्षमा करा! माझंच चुकलं! नऊची वेळ आजपासून रद्द! यापुढे नवशाबाबा सांगतील ती वेळ! तिथी मोजा, बाबा, खुशाल मोजा!"

पलीकडे एकच आनंद झाला. नवशाने पाठीमागचा हात महिन्याभराने उघड्यावर आणला. तो पाण्याकडे बघत पेरं मोजू लागला. एकदा मोजली. खात्री करायला पुन्हा मोजली. अध्यक्षसाहेबांनी नोंद करायला डायरी उघडली.

"पुढल्या रविवारी ना साहेब? परत तीज-चौथ बसते!" नवशा ओरडला. "नऊला!"