विरहाची सोय

निवृत्त मुद्रितशोधकांनी बायकोच्या हातात तिच्या बहिणीच्या गावचं तिकीट ठेवलं, तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आठ दिवस राहून ये," ते म्हणाले.

"अहो, पण मध्येच का?"

"सहज."

बेचाळीस वर्षांच्या संसारात या गृहस्थांनी सहज असं काहीही केलं नव्हतं. पण बहिणीकडे जायला कोण नाही म्हणणार? ती गेली.

खरं कारण वाचनालयात होतं. तिथे एक तरुण शिक्षिका दर शनिवारी इंग्रजीतून गझल लिहायला शिकवायची. छापखान्यात जन्मभर दुसऱ्यांच्या इंग्रजीतल्या चुका काढल्यावर, स्वतःचं एक तरी पान छापून यावं एवढीच मुद्रितशोधकांची इच्छा होती, आणि वर्गाची पुस्तिका निघणार होती. दोन ओळींचा शेर, प्रत्येक शेराच्या शेवटी तेच शब्द, हे त्यांना पटकन जमलं. त्यांनी 'कम बॅक' हे शब्द पक्के केले. गाडी अडली ती पुढे.

"काका, यात विरह कुठाय?" शिक्षिका म्हणाली. "त्याशिवाय गझल उभी राहत नाही."

आता बायको चोवीस तास घरात असताना विरह आणायचा कुठून? म्हणून ही सोय.

त्यांनी फोन बंद करून कपाटात टाकला आणि भिंतीवरचा जुना फोटो काढून टेबलावर ठेवला. छापखान्यासमोरचा फोटो. तिच्या दोन वेण्या, त्यांच्या बाहीवर शाई. तेव्हा ती दुपारी डबा घेऊन फाटकाशी उभी राहायची आणि वरच्या खिडकीत यांचं कामातलं लक्ष उडायचं. ते दिवस इतके दाटून आले की त्यांचे डोळे वाहू लागले आणि दाराची घंटा त्यांना ऐकूच आली नाही.

घंटा वाजवत होत्या खालच्या शेजारीणबाई. फोन लागत नाही म्हणून बायकोनेच त्यांना पाठवलं होतं. त्यांनी जिन्याकडच्या खिडकीतून डोकावलं, फोटोसमोर रडणारा माणूस पाहिला आणि त्याची बायको घाबरेल म्हणून थेट मुलीला कळवलं. मुलगी आपल्या किल्लीने आत आली. वडील अंघोळीला गेले होते. टेबलावरचे कागद तिने वाचले आणि सरळ अर्थ लावला. आई घर सोडून गेली होती आणि कोणाला पत्ता नव्हता. तिने भावाला फोन केला, भावाने आईला, आणि चौथ्या दिवशी सगळे बाहेरच्या खोलीत जमले.

"वाच," आई मुलीला म्हणाली. "मराठीत सांग."

"'निष्ठुरे, जाताना तू वळूनही पाहिलं नाहीस, परत ये.'"

"वळणार कशी? दोन्ही हातांत पिशव्या. आणि तिकीट कोणी काढलं?"

"'तुझ्या ओठांवर दुसऱ्याचंच नाव होतं, परत ये.'"

मुलगा खिडकीबाहेर बघू लागला.

"कोणाचं हो?" बायकोने विचारलं.

"तसं लिहायची पद्धत आहे," मुद्रितशोधक पुटपुटले. "गझलेतली बाई बेवफाच असते."

"बेचाळीस वर्षं तुमचे शाईचे शर्ट घासले, आणि मी बेवफा?"

मुलीने घाईघाईने पुढचा शेर काढला. "'फाटकाशी तू डबा घेऊन उभी, त्या दुपारी मला एकही चूक दिसली नाही, परत ये.'"

बायकोने चष्मा काढला. "हे मात्र खरंय," ती हळूच म्हणाली. "दोनदा साहेबांची बोलणी खाल्ली होती यांनी."

मुलं हसत घरी गेली. मुद्रितशोधक मात्र कागदाकडे बघत बसले.

"आता काय अडलं?"

"शेवटच्या शेरात कवीला स्वतःचं नाव घालावं लागतं. माझं नाव कधी कुठे छापलंच नाही, घातलं की परक्याचं वाटतं."

"मी नव्हते तर घर कसं होतं?"

त्यांनी जरा विचार केला. "सगळं होतं. नळ, पंखा, घड्याळ, सगळे आपापले बोलत होते. फक्त मला 'अहो' म्हणणारं कोणी नव्हतं. फार वाईट गेले गं दिवस."

तिने पेन त्यांच्या पुढे सरकवलं.

शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात, वर्गाच्या कार्यक्रमात, त्यांनी गझल वाचली. आवाज कापत होता, पण इंग्रजी अचूक होतं. शेवटचा शेर आला. या घरात कोणी हाक मारत नाही, अशी ती ओळ होती, आणि मग 'कम बॅक'च्या आधी कवीचं नाव: अहो.

ते नाव कानावर पडताच सभागृहातले पाच-सहा म्हातारे दचकून जागे झाले आणि त्यांनी आपापल्या बायकोकडे पाहिलं.