नलूआत्याची लाइन

आमच्या दुकानात फोन केलात, तर पलीकडून "हॅलो" ऐकू येणार नाही. "बोला. मागे कोण?" असं ऐकू येईल. नवीन गिऱ्हाईक दचकून खरोखरच मागे वळून बघतं. तुम्ही दचकू नका. ती माझी नलूआत्या आहे आणि तुम्ही कोणाचे कोण, एवढंच तिला हवं असतं.

लोणावळ्यात आमचं पाण्याच्या मोटरींचं दुकान आहे. विक्री, दुरुस्ती आणि माझ्या मते थोडी समाजसेवा. बायकोच्या मते नुसतीच समाजसेवा. आत्या बहात्तर वर्षांची. लग्न केलं नाही. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. कानाला हेडफोन, हातात कॉर्ड, ह्या भोकातून काढ आणि त्या भोकात खुपस. निवृत्त झाली त्याच आठवड्यात, "घरी बसून काय भिंतीला भिंत जोडून देऊ?" म्हणत तिने आमच्या फोनशेजारची खुर्ची बळकावली. मी मालक असल्यामुळे मला स्टूल मिळालं.

माणूस सुटा नसतोच, मेथीसारखा जुडीनेच येतो, असा आत्याचा सिद्धान्त आहे. आमच्या धंद्यात तो खराही आहे. बंगला तुंगार्लीत, मालक मुंबईत, फोन करतो माळी, किल्ली शेजारच्या वहिनींकडे आणि मोटर कशी चालू करायची ते फक्त आधीच्या माळ्याला ठाऊक. ही सगळी जुडी आत्याच्या डोक्यात असायची. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाला ती विचारायची, "तुमच्या बोअरची मोटर कुणी उतरवली हो?" त्याने नाव सांगितलं की, "मग तुम्ही कामशेतच्या पाटलांचे साडू!" तो जिलेबी हातात धरून तसाच राहायचा.

माझी मुलगी सायली हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. आमच्या सतरा वह्या बघून तिला भरून आलं. तिने गिऱ्हाइकांच्या सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवल्या आणि वर एक ऑटोमेशन बसवलं, तिच्या भाषेत 'फ्लो'. फोन आला की कॉम्प्युटर आपण होऊन गिऱ्हाइकाची नोंद शोधणार, तिला जोडलेल्या मोटरी, माणसं, जुन्या तक्रारी बाहेर काढणार आणि सगळं आमच्या मिस्त्रीच्या मोबाइलवर पाठवणार. पडद्यावर चौकोन आणि चौकोनांना जोडणाऱ्या रेघा. सायलीने ते आधी मला समजावलं. मी पूर्ण वेळ मान हलवली. आत्या मागे उभी होती. म्हणाली, "अगं, हा तर आमचा बोर्ड! कॉर्ड तेवढ्या बारीक झाल्यात." दुसऱ्या दिवसापासून माउस तिच्या हातात गेला, तो मला परत मिळालेला नाही.

सुरुवातीला घोळ झाले. पवनानगरच्या शिंदे आबांचा फोन आला, मोटर बंद. कॉम्प्युटरने मोटर शोधली, मिस्त्री नामदेव सामान घेऊन गेला. तासाभरात त्याचा फोन.

"आत्या, मी हितं विहिरीवर हाय. मोटर झ्याक चाललीया. आबा म्हनत्यात, बिघडलीय ती नदीवरची."

आबांच्या मोटरी तीन. कॉम्प्युटरला पहिली सापडली आणि तो तिथेच थांबला. आत्या भडकली. "एक नाव मिळालं की वही मिटणारी माणसं मला एक्स्चेंजमध्येसुद्धा चालायची नाहीत!" सायलीला फोन करून तिने खटका शोधून काढला: 'पहिली नोंद' नको, 'सगळ्या नोंदी' हव्यात. मग एकेक नोंद उचलून पुढे पाठवणारा चौकोन जोडला. दुसऱ्या दिवशी नामदेव मोबाइल नाचवतच दुकानात आला. एका गिऱ्हाइकामागे सत्तावीस मेसेज. मोटर, माळी, माळ्याचा भाऊ, भावाची मोटर...

"आत्या, मोटर दुरुस्त करायची हाय का तिची सोयरीक जमवायची?"

"जमली तर बघ," आत्या म्हणाली. पण संध्याकाळपर्यंत तिने सत्तावीसचा एक मेसेज केला.

दुपारी चार ते पाच मात्र आत्या दुकानाची राहत नसे. आतल्या खोलीत जायची, दार लावायची आणि हाक मारली की आतून आवाज यायचा, "लाइन बिझी आहे!" ती डुलकी काढते अशी माझी पक्की समजूत होती. मी स्वतः स्टुलावर बसून तेच करत असल्यामुळे बोलायची सोय नव्हती.

गेल्या हिवाळ्यात सायली म्हणाली, "बाबा, नोंदींची मर्यादा भरत आलीय. नको त्या काढून टाका." मी उत्साहाने कामाला लागलो. ज्या नोंदीला एकही मोटर जोडलेली नाही, ती उडवायची. मोजल्या तर एकवीस निघाल्या. कोणी बोअर बंद केलं होतं, कोणी जमीन विकली होती.

आत्याचा चेहरा उतरला. तिला मी इतक्या वर्षांत विनवणी करताना पाहिलं नव्हतं. "राहू दे रे त्या. एकदा पुसलं की परत कुठून आणणार?"

"अगं, मोटर नाही, बिल नाही. हे आता आपले कोण?"

तिने माउस स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाली, "शनिवारपर्यंत थांब."

शनिवारी सकाळी ती यायच्या आत मी मोठ्या ऐटीत स्वतः बनवलेला, आयुष्यातला पहिला फ्लो चालवला: मोटर नसलेल्या नोंदी शोध आणि उडव. उत्तर आलं: सापडलेल्या नोंदी शून्य. मला वाटलं, माझंच काही चुकलं. माझ्याबाबतीत हा अंदाज सहसा बरोबर ठरतो. म्हणून एकवीसमधली एक नोंद उघडली. वलवणच्या कुसुमताई. यजमान गेले, मुलगा परदेशात, बोअर कधीच बंद. पण नोंदीला मोटर जोडलेली होती.

मोटर: नलू. ताकद: अर्धा एच.पी. सर्व्हिस: दर गुरुवारी, चार वाजता.

खाली तक्रारींच्या रकान्यात तारीखवार मजकूर. 'गुडघा दुखतो.' 'मुलाचा फोन नाही.' 'मुलाचा फोन आला, पाच मिनिटं.' 'आवळ्याचं लोणचं जमलं.'

दुसरी नोंद उघडली. आंदर मावळातल्या एका गावचे धोंडूआबा. मोटर: नलू. सर्व्हिस: मंगळवारी. 'म्हैस व्याली, लय खूश.' एकवीसच्या एकवीस नोंदींना आत्याने स्वतःला जोडून ठेवलं होतं. मोटर ह्या आठवड्यात जोडली असेल; तक्रारी मात्र चार-चार वर्षांच्या होत्या.

मग मी आत्याचीच नोंद काढली. तिच्या गच्चीवरच्या टाकीला मोटर आहे, म्हणून तीही आमची गिऱ्हाईक. घरातली माणसं: रिकामं. तक्रारी: एकही नाही. तिचं घर दुकानापासून दहा मिनिटांवर आहे. रोज दुकानात भेटते, म्हणून तिच्या घरी मी शेवटचा कधी गेलो होतो, ते मला आठवेना.

आत्या अजून यायची होती, माउस मोकळा होता. मी तिच्या नोंदीला एक मोटर जोडली. मोटर: भाचा. ताकद: पाव एच.पी. सर्व्हिस: दर रविवारी, चार वाजता.

नोंद बदलली की त्या गिऱ्हाइकाला कळवणारा फ्लो आत्यानेच बनवलेला, त्यामुळे मेसेज बिनचूक तिच्या मोबाइलवर गेला. दहा वाजता ती आली, पर्स खुंटीला लावली, चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"पाव एच.पी. लिहिलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "फुगवून सांगितलेलं मला आवडत नाही."

"एकवीस नोंदी राहू देत," मी म्हणालो. "सायलीला सांगून मर्यादा वाढवून घेऊ."

"ते मी काल रात्रीच सांगितलंय तिला," आत्या म्हणाली आणि वाजणारा फोन उचलला. "बोला. मागे कोण?"

रविवारी चार वाजता मी तिच्या दाराची कडी वाजवली. आत ती कोणाशी तरी फोनवर बोलत होती. मध्येच थांबून सवयीने ओरडली, "मागे कोण?"

मी मागे पाहिलं. बायको भज्यांचा डबा सांभाळत जिना चढत होती, सायली तिच्या मागे.

"सगळे आहेत," मी म्हणालो.

आत खुर्ची सरकली. मग आत्याचा आवाज आला. "कुसुमताई, ठेवते हं. गुरुवारी करतेच. आज लाइन बिझी आहे."