उतरा आणि पुन्हा चढा!

"रिकामी बस थांबत नाही, भरलेली बसही थांबत नाही, मग थांबते तरी कुठली?"

हा प्रश्न मी भर सभेत, नगरपालिकेच्या मोठ्या साहेबांसमोर, माइक हातात घेऊन विचारला! मैत्रिणींनी पैज लावली होती. त्यातली टिटवी म्हणाली, "तुझ्यात दमच नाही." गेल्या वर्षीपर्यंत नव्हता, हे खरं. हजेरी देतानासुद्धा माझा आवाज मांजराच्या पिल्लासारखा निघायचा. पण वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आल्यापासून मी कुणाच्या बापाला भीत नाही!

फक्त त्या दिवशी व्यासपीठावर माझाच बाप बसला होता.

बाबा नगरपालिकेच्या बस खात्यात अधिकारी आहेत. शहरातल्या बस ठेकेदाराला चालवायला द्यायच्या, ही त्यांचीच योजना. माझा प्रश्न ऐकून सभागृह खो खो हसलं, बाबांचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला आणि शेजारी बसलेला ठेकेदार अगदी निरागसपणे म्हणाला, "आम्हाला किलोमीटरवर पैसे मिळतात हो. उभ्या गाडीचे किलोमीटर कसे व्हायचे?"

साहेबांनी बाबांकडे वळून पाहिलं. "महिन्याभरात हे सुधारा. नाहीतर गटार खात्यात एक जागा रिकामी आहे."

घरी आल्यावर काय झालं असेल ते सांगायला नकोच.

"अगं, हे घरात नाही का विचारता आलं?" बाबा ओरडले.

"घरात माइक कुठे आहे?"

"ऐका! आणखी पाठवा वक्तृत्वाला!" आई म्हणाली.

पण बाबांना जेवण जाईना. नाकाला रुमाल लावून मॅनहोलमध्ये डोकावणारे बाबा माझ्याही डोळ्यांसमोर येऊ लागले. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, सोप्पं आहे! किलोमीटर सोडा. माणूस बसमध्ये चढला की पैसे द्या. मग बघा, कसे थांबत नाहीत ते!"

बाबांचा घास हातातच राहिला. बुडत्याला काडीचा आधार! आठवड्याभरात सगळ्या बसच्या दारात मोजणी यंत्रं लागली. माणूस चढला, टिंग! आकडा एकने वाढला.

आणि काय सांगू! बस थांबायला लागल्या. थांबायला म्हणजे काय, पुढे गेलेली बस माणूस दिसला की रिव्हर्समध्ये मागे यायची! कंडक्टर जावयाला बोलवावं तसं "या ताई, बसा ताई" करायचे. शाळेत मी अशी मिरवत होते, जणू या बसमध्ये डिझेल मीच भरते!

मग एका सकाळी दुसऱ्याच थांब्यावर कंडक्टर ओरडला, "चला, सगळे खाली उतरा!"

"का हो काका? बंद पडली?"

"नाही गं. उतरा आणि पुन्हा चढा."

"पण मी आत्ताच चढले!"

"मग अनुभव आहे तुला! चल, चढल्याशिवाय गाडी हलायची नाही." मग हळूच दारातल्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणाला, "त्याला काय कळतंय बाळ, तू तीच आहेस की दुसरी?"

टिंग! टिंग! टिंग!

पुढच्या थांब्यावर पुन्हा. त्याच्या पुढच्या थांब्यावरही! खांद्यावर दप्तर, हातात डबा, आणि बसमधल्या आमच्या सगळ्या वर्गाच्या उठाबशा. काठीवाले एक आजोबा तर तिसऱ्यांदा उतरले ते उतरलेच. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाले, "मी आपला चालत येतो. बसने फार दम लागतो." आणि खरं सांगते, ते आमच्या आधी पोचले! आमची दशा बघून खेळाच्या बाईंनी कवायतीचा तासच रद्द केला. टिटवी माझ्याशी बोलेना.

संध्याकाळी बाबा शीळ घालत घरात शिरले. "ऐकलंत का? प्रवासी चौपट झाले! चौपट!"

पाठोपाठ आई ऑफिसातून आली. पर्स एकीकडे, चपला एकीकडे, आणि आई सोफ्यावर आडवी. "चौपट? अहो, ती सगळी मीच!"

बाबांची शीळ विरली. आईने गुडघे चोळत सगळं सांगितलं. मी मध्ये मध्ये टिंग टिंग करून दाखवत होते, तर बाबांनी असं पाहिलं की माझं यंत्रच बंद पडलं.

"साहेब खूश आहेत गं," बाबा अगदी बारीक आवाजात म्हणाले. "शनिवारी मोठा कार्यक्रम ठेवलाय. माझं कौतुक करणार आहेत. आणि म्हणाले, ज्या मुलीनं प्रश्न विचारला होता, तिच्याच हातात माइक द्या. तिचा अनुभव सगळ्या गावाला ऐकू दे."

"मग सांगेल की," आई म्हणाली. "पण खरं तेच सांगायचं हं. आपल्या घरात खोटं चालत नाही."

"खरं सांगितलं तर मी गटारात!"

"आणि खोटं सांगितलं तर मी जन्मभर चढ-उतार करू? हे गुडघे बघा माझे!"

"अगं, पण नोकरी..."

"अहो, पण गुडघे..."

मग दोघंही एकदम माझ्याकडे बघायला लागले. मी उठले. घोटभर पाणी प्यायले, घसा साफ केला, मान ताठ केली आणि माझा निर्णय खणखणीत आवाजात जाहीर केला.

"आई, बाबा, शनिवारी मला ताप येणार आहे!"