साडेतीन मुहूर्तांचे बॅकअप

रविवारी सकाळी विठ्ठलरावांनी फक्त मिक्सरच्या भांड्याची किंमत बघायचं ठरवलं. एवढंच. त्यांच्या बायको कलावतीबाई आठवडाभर तुटकं झाकण हाताने दाबून चटणी वाटत होत्या, ते बघून त्यांना दया आली (ती महिन्यातून एकदा येते) आणि ते हॉलमधल्या कॉम्प्युटरसमोर बसले. भांड्याऐवजी पडद्यावर टक्कल घालवायच्या तेलाची जाहिरात आली. ती बंद केली तर तिच्या जागी दोन आल्या. तेवढ्यात वरच्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवा आपोआप लागला. विठ्ठलराव तेव्हा भोकाचं बनियन घालून पट्टीने पाठ खाजवत होते.

"सोनल!"

सोनल म्हणजे त्यांची सून. लग्नाला चार महिने झालेले. घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत ती कॉम्प्युटरचंच काम करते. हातातला चहा बाजूला ठेवून तिने दहा मिनिटं खटाखट काहीतरी तपासलं.

"बाबा, यात स्पायवेअर आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे हेर. तुम्ही काय टाइप करता, काय बघता, ते सगळं कुठेतरी पाठवतोय."

विठ्ठलराव खुर्चीतून उठलेच. कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं होतं. त्यांच्या काळात तिथून चिठ्ठीशिवाय एक वायसरसुद्धा बाहेर गेला नव्हता. आणि त्यांच्याच घरातून माल बाहेर जातोय?

"दाराला दोन कड्या, वर लोखंडी जाळी, खाली वॉचमन! हा मेला घुसला कुठून? आणि माझं काय बघायचंय त्याला? लाज वाटत नाही म्हाताऱ्या माणसाला उघडंवाघडं बघायला?"

"अहो, बनियन बदला आधी," कलावतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"याला मुळापासून काढायचं तर जुन्या क्लीन बॅकअपवर जावं लागेल," सोनल म्हणाली. "बॅकअप घेता का तुम्ही?"

हा प्रश्न विठ्ठलरावांना विचारायचा! ते ताठ मानेने देवघराकडे गेले आणि कुंकवाचं बोट लागलेली हार्ड डिस्क घेऊन आले. बॅकअप ते नेमाने घेत, पण फक्त मुहूर्तावर. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळीतली बलिप्रतिपदा. मुहूर्त साडेतीन, पण बॅकअप चार, कारण अर्धा बॅकअप घेता येत नाही (एकदा प्रयत्न करून झाला होता). पंचांग बघायचं, डिस्कला हळद-कुंकू लावायचं, मगच बटण दाबायचं.

सोनलला हसू आलं, पण ती मनापासून म्हणाली, "मस्त. आमच्या ऑफिसातसुद्धा कुणी इतकं नियमाने घेत नाही."

इथवर सगळं ठीक होतं. पण विठ्ठलरावांना गुन्हेगार हवा होता.

"मी सांगतो कुठून आलं ते," ते म्हणाले. "या कॉम्प्युटरला बाहेरची वस्तू लागली ती फेब्रुवारीपासून. त्याआधी असलं काही नव्हतं."

फेब्रुवारीत सोनल लग्न होऊन घरात आली होती. कलावतीबाई हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आल्या.

"म्हणजे मी आणलं?" सोनलने विचारलं. तिचा आवाज चढला नाही, पण डोळे भरले.

"मी नाव घेतलं नाही. मी महिना सांगितला."

"ठीक आहे. आपण एकेक बॅकअप मागे जाऊ. क्लीन कुठे सापडतो ते बघू. माझ्यामुळे आलं असेल तर मी सगळ्यांसमोर माफी मागते. आणि नसेल तर?"

"तर ज्याची चूक असेल तो मागेल! मग तो कुणीही असो!"

"आणि मागितली नाही तर मी संध्याकाळी डोंबिवलीला जाते. पप्पांकडे."

चार महिन्यांत कलावतीबाईंना या मुलीची इतकी सवय झाली होती की सकाळचा पहिला चहा त्या आता नवऱ्याबरोबर नाही, सुनेबरोबर घेत. मितेश, म्हणजे त्यांचा मुलगा, गाडीच्या सर्व्हिसिंगसाठी माजिवड्याला गेला होता. तो येईपर्यंत घर राहतं की मोडतं, अशी त्यांना धास्ती पडली.

सोनलने विठ्ठलरावांची कॉम्प्युटरमधली कागदपत्रं आधी बाजूला काढून ठेवली आणि अक्षय्य तृतीयेचा बॅकअप चढवला. पाऊण तास गेला. तपासलं. हेर जागेवरच होता.

"बघा!" विठ्ठलराव म्हणाले. "एप्रिल!"

मग पाडव्याचा चढवला. पुन्हा पाऊण तास. दरम्यान पोहे झाले, सोनलने ते पडद्यावरची नजर न हलवता खाल्ले. पाडव्यातही हेर होता.

"मार्च!" विठ्ठलरावांचा आवाज आता वकिलाचा झाला होता. "आता दिवाळीचा चढव. तो बघ कसा धुतल्या तांदळासारखा निघतो."

दिवाळीचा चढला. तपासणीची पट्टी पडद्यावर सरकत शेवटाला गेली आणि लाल झाली.

"दिवाळीत मी या घरात नव्हते, बाबा."

"अहो, ऐकलंत?" कलावतीबाई म्हणाल्या.

विठ्ठलरावांना ऐकू आलं होतं. पण त्यांनी मोबाइल उचलला. सून सुटली म्हणून काय झालं, मुलगा होताच की.

"मितेश! गेल्या ऑक्टोबरात तू या कॉम्प्युटरवर काय उद्योग केलेलास?"

"मी?" पलीकडून गॅरेजचा ठोकाठोकीचा आवाज येत होता. "बाबा, ऑक्टोबरात तुम्ही मला हात तरी लावू दिलेला का? पासवर्ड बदललेला तुम्ही. खाजगी काम आहे म्हणालेलात."

विठ्ठलरावांनी फोन हळूच ठेवला. मग दसऱ्याचा बॅकअप चढला. तो क्लीन निघाला, हिरवागार. एरवी त्यांनी पेढे वाटले असते.

"म्हणजे दसरा ते बलिप्रतिपदा," सोनल म्हणाली. "वीस दिवस. दिवाळीच्या बॅकअपमध्ये काय जास्तीचं आहे ते बघते."

"कशाला? क्लीन मिळाला ना? झालं काम. जेवायला बसू."

"बघ गं तू," कलावतीबाई म्हणाल्या आणि झारा घेऊन नवऱ्याच्या वाटेत उभ्या राहिल्या.

सोनलने फोल्डर उघडला. नऊ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. 'गुप्त प्रोफाइल दर्शक, मोफत.' त्या दिवशी या कॉम्प्युटरवरून इंटरनेटवर काय काय शोधलं गेलं होतं तेही तिने काढलं आणि मोठ्याने वाचलं.

"'मुलगी स्वभावाने कशी आहे कसे ओळखावे.' 'डोंबिवलीच्या मुली खर्चिक असतात का.' 'सोनल, डोंबिवली, फेसबुक, तिला न कळता बघणे.'"

नऊ ऑक्टोबर! त्याच आठवड्यात सोनलचं स्थळ सांगून आलं होतं. विठ्ठलरावांना सगळं आठवलं. त्या प्रोग्रॅमने नाव विचारलं, गाव विचारलं, मग 'नेक्स्ट' म्हणाला. ते 'नेक्स्ट' दाबत गेले. सात-आठ वेळा दाबल्यावर एका परदेशी बाईचा फोटो आला आणि कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला. म्हणजे सुनेवर पाळत ठेवायला माणूस निघाला आणि आठ महिने स्वतःच बनियनवर बघितला गेला.

"चौकशी करायला नको?" ते पुटपुटले. "मुलाच्या आयुष्याचा प्रश्न होता."

"माफी," कलावतीबाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर."

विठ्ठलरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. भयंकर शरम वाटत होती, आणि ती लपवायची कशी ते कळत नव्हतं.

"चुकलो मी, सोनल," ते शेवटी म्हणाले. "तुझ्यावर आळ घेतला, तो चुकीचा होता. आणि ते आधीचंसुद्धा."

सोनलने डोळे पुसले आणि एकदम खुदकन हसली. "जाऊ दे, बाबा. चौकशी आमच्याकडूनही झालेली. पप्पा तुमच्या कारखान्यात जाऊन आलेले."

"कोलशेतला?" विठ्ठलराव सावध झाले. "कोण भेटलं? काय म्हणाले?"

"तिथले लोक म्हणाले, माणूस सज्जन आहे, मुलगी डोळे झाकून द्या. फक्त त्यांना कॉम्प्युटरपासून लांब ठेवा. लॉटरी लागल्याचा कुठलातरी मेल उघडून त्यांनी अख्खं स्टोअर्स दोन दिवस बंद पाडलेलं."

"दोन दिवस?" विठ्ठलराव ताडकन उठले. संतापाने त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "साफ खोटं! कुणी सांगितलं, त्याचं नाव सांग मला! असा बदनामीचा धंदा? दीड दिवस! दीडच दिवस बंद होतं!"