हिराकसाची पावलं

"या खेपेला माझी हिरवळ कुणी तुडवून दाखवावीच," असं सेड्रिक पेंगेलीने सप्टेंबरात साऱ्या गावाला ऐकवलं होतं, आणि कॉर्नवॉलच्या त्या चिमुकल्या गावात ऐकवून घ्यायला लोक तरी किती होते म्हणा! शेवाळ खरवडून झालं होतं. मातीला भोकं पाडून बी पेरलं होतं. कोवळे कोंब वर आले होते. आता थंडीपर्यंत ते जगले, की मे महिन्यात गाव बागा बघायला येईल तेव्हा पेंगेलीची हिरवळ बघून जळेल.

पण गेल्या वर्षीसारखीच रोज सकाळी कोंबांतून एक पायवाट उमटलेली असायची. मागच्या दारापासून कुंपणाच्या फटीपर्यंत, सरळ. सेड्रिकने दोरी बांधली. 'पाय ठेवू नये' अशी पाटी ठोकली. दुसऱ्या दिवशी पाटीच्या नाकावर टिच्चून पायवाट हजर.

फटीपलीकडे ट्रेगिअरबाई राहायच्या. एकट्या, सत्तरीच्या, आणि त्यांच्या अंगणात नुसतं शेवाळ. "ज्या बाईला स्वतःच्या गवताची लाज नाही, तिला दुसऱ्याच्या गवताची काय असणार!" सेड्रिक जेवताना म्हणाला. बायको डोरीनने पाव पुढे सरकवला. हल्ली ती जेवताना फारसं बोलतच नसे. सकाळी लवकर समुद्रावर फिरायला जाई, हा आठला उठायच्या आत परत येई, आणि मग दिवसभर गवताच्या गोष्टी ऐकून घेई.

शेवटी सेड्रिकने सापळा लावला. शेवाळ मारायला आणलेला हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, त्याने पाण्यात कालवला, रागाच्या भरात पुडीवर सांगितला होता त्याच्या तिप्पट, आणि संध्याकाळी सगळ्या हिरवळीवर शिंपडला. हिराकसात भिजलेला जोड्याचा तळवा दगडावर पडला की थोड्या वेळात तिथे गंजाचा ठसा उमटतो, आणि तो जन्मात जात नाही. म्हणूनच डोरीनने ताकीद दिली होती, की मागच्या दारासमोर नवी पांढरी फरशी बसवली आहे, तिच्या आसपास हिराकस फिरकता कामा नये. सापळ्याचं त्याने तिला मुद्दाम सांगितलं नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

दुसऱ्या दिवशी तो सातलाच उठला, घराला लागून असलेल्या शेडच्या दाराने बाहेर पडला आणि थेट फटीशी गेला. पलीकडे ट्रेगिअरबाईंच्या दगडी पायवाटेवर नारिंगी पावलं! टोकं बाईंच्या घराकडे. म्हणजे हिरवळ तुडवून चोर घरी परतला होता.

त्याने बाग समितीचा चिटणीस पेनरोज याला न्याहारीवरून उठवून साक्षीदार म्हणून ओढत आणलं आणि बाईंचं दार बडवलं. दार उघडलं.

"हे काय आहे?" सेड्रिकने पावलांकडे बोट दाखवलं. त्याचा आवाज रागाने चिरकला होता. "दोन वर्षं माझी हिरवळ तुडवताय तुम्ही. आता कबूल करा, या साहेबांसमोर."

"मिस्टर पेंगेली," बाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्या पायात बघा."

बाईंच्या पायात बागेतले रबरी बूट होते, एकेक होडीएवढा. उंबऱ्यावरची पावलं नाजूक होती. पेनरोजची नजर त्या पावलांच्या मागे निघाली, सेड्रिकचीही निघाली. उंबरा ओलांडून, स्वयंपाकघरातून, टेबलाखाली. तिथे दोन निळ्या सपाता होत्या. त्या सेड्रिकनेच नाताळात आणल्या होत्या.

सपातांच्या वर डोरीन बसली होती, हातात चहाचा कप.

"तू? आणि समुद्र?"

"समुद्र जागच्या जागी आहे, सेड्रिक. मी रोज इथे येते," डोरीन म्हणाली. "इथे गवताबद्दल कुणी बोलत नाही."

पेनरोजला खोकला आला. सेड्रिक तोंड उघडणार, तेवढ्यात डोरीनने स्वतःच्या सपातेच्या तळव्याकडे बघितलं, दारातल्या पावलांकडे बघितलं, आणि कप खाली ठेवला.

"तू हिराकस टाकलास? मी अर्ध्या वाटेतून शाल घ्यायला परत गेले होते, आपल्या फरशीवरून."

ती उठून तरातरा निघाली. सेड्रिक तिच्या मागे, समजूत घालत, त्याच ओल्या हिरवळीवरून थेट फरशीवर. फरशीवर तिची इवलीशी पावलं होती, येतानाची आणि जातानाची, आणि आता त्यांच्यावर याचे भले मोठे बूट. त्या दिवशी डोरीन जे बोलली ते पेनरोजने फाटकाबाहेर उभं राहून सगळं ऐकलं, आणि गावाला ते अजून पाठ आहे.

आठवड्याभरात हिरवळ कोळशासारखी काळी पडली. तिप्पट हिराकसात एक कोंब वाचला नाही.

मे महिन्यात गाव बागा बघायला आलं तेव्हा पेंगेलींकडे दोरी होती आणि पाटीही होती, 'पाय ठेवू नये'. दोन्ही आता फरशीभोवती, आणि मनाई फक्त सेड्रिकला. तो शेडच्या दाराने ये-जा करतो. हिरवळीवरून मात्र कुणीही खुशाल जावं, तिथे तुडवायला काही उरलेलंच नाही.