साडूची शिल्लक

मनात आणलं तर महिन्याला लाख रुपये आपण डाव्या हाताने बाजूला काढू शकतो, असं शिवराजने बायकोला सांगितलं, तेव्हा दोघं बद्रीनाथच्या वास्तुशांतीचं जेवण जेवून परत येत होती. जेवण उत्तम झालं होतं. शिवराजला मात्र त्यातलं काहीच पचलेलं नव्हतं.

बद्रीनाथ म्हणजे शिवराजचा साडू, बायकोच्या, अपेक्षाच्या, थोरल्या बहिणीचा, मेघाचा नवरा. झेडपीच्या शाळेत मास्तर. या मास्तरने पुंडलिकनगरात दुमजली घर बांधलं होतं, आणि एका रुपयाचं कर्ज न काढता बांधलं होतं. दोघांचे सासरे तात्यासाहेब, ज्यांना सगळं पाचोड नुसतं तात्या म्हणे, पंगतीत फिरून येईल त्याला सांगत होते, "मास्तरकीच्या पगारात बांधलं बरं का. ह्याला म्हणतेत जावई." शिवराज तिथेच पानावर बसला होता. तोही जावईच होता. पण तात्यांची नजर त्याच्याकडे वळली ती फक्त वाढप्याला "हिकडं भात आणा" म्हणून सांगण्यापुरती.

आता बघा, शिवराज शेंद्र्याच्या एका कंपनीत जनरल मॅनेजर. अपेक्षा दातांची डॉक्टर, दवाखाना स्वतःचा, बाहेर पेशंटांच्या चपलांचा ढीग. दोघांचं मिळून महिन्याला सव्वाचार लाख रुपये घरात यायचे आणि वीस तारखेला शिवराज दूध क्रेडिट कार्डावर घ्यायचा. पैसे जायचे कुठे, हे दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. बीड बायपासच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटचा हप्ता होता. दोन गाड्यांचे दोन हप्ते होते. मुलाच्या, सार्थकच्या, शाळेत घोडेस्वारी शिकवायचे, त्यामुळे फीमध्ये घोड्याचा चाराही आपल्याच डोक्यावर असणार अशी शिवराजला शंका होती. एका क्लबचं सभासदत्व होतं, तिथला पोहण्याचा तलाव त्याने दोनदा लांबून पाहिला होता. उरलंसुरलं दुबईच्या सहलीने नेलं होतं.

"आपल्याला जमत नाही असं नाही गं," तो गाडी चालवत म्हणाला. "आपण कधी मनावर घेतलं नाही."

"मग घे," अपेक्षा म्हणाली. बारा वर्षांच्या संसारात तिने असे बरेच संकल्प ऐकले होते.

"बघच तू. फक्त कुणाला बोलायचं नाही. आकडा हातात आला की एकदम तात्यांच्या पुढ्यात ठेवतो. त्या मास्तरलाही कळू दे, बचत कशाला म्हणतात ते."

हा निव्वळ जळफळाट होता, यात शंका नको. शिवराजला पैशाची आस नव्हती. त्याला तात्यांची एक शाबासकी हवी होती, आणि ती बद्रीनाथच्या देखत हवी होती.

सोमवारपासून काटकसर सुरू झाली. मोठी गाडी तळघरात झाकून ठेवली आणि साहेब कंपनीच्या बसने निघाले. बसथांब्यासमोरच अपेक्षाची आत्या भामाबाई राहायच्या. पाचोडची बातमी शहरात आणि शहरातली पाचोडला पोचवायचं काम त्या बिनपगारी करत. पहिल्याच दिवशी त्यांनी गॅलरीतून जावयाला डबा घेऊन रांगेत उभं पाहिलं आणि तशाच खाली उतरल्या.

"काहून हो जावईबापू, गाडी कुठं गेली?"

"बंद केली, आत्या."

"बिघडली व्हय?"

"नाही, चांगली आहे. पण उगाच परवडत नाही." शिवराजने हे छाती काढून सांगितलं. भामाबाईंनी तोंडाला पदर लावला. तो माणूस बसमध्ये चढून जाईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.

पुढच्या आठवड्यात ट्रेडमिल विकली. तिच्यावर गेली तीन वर्षं टॉवेल वाळत होते. घेणारा व्यायामशाळेवाला निघाला नेमका पुंडलिकनगरचा, बद्रीनाथच्या गल्लीतला. टेम्पोतून ट्रेडमिल उतरली तेव्हा बद्रीनाथ दारात पेपर वाचत होता. सार्थकने चिकटवलेले डायनासोर अजून तिच्यावर होते. बद्रीनाथने ते ओळखले, पेपराची घडी केली आणि आत जाऊन मेघाला हळूच म्हणाला, "शिवराजराव घरातल्या वस्तू काढायला लागले वाटतं." मेघाने तेवढंच वाक्य पाचोडला फोन करून सांगितलं. तिकडे पोचेपर्यंत त्या वाक्यात फ्रिज आणि सोफा आपोआप आले.

यात भर पडली वांग्यांची. दिवस मावळताना बाजार उठायला लागला की भाजी निम्म्या किमतीत मिळते, हे शिवराजला कुणीतरी सांगितलं होतं. तो शहागंजात जाऊन वांग्यांच्या शेवटच्या वाट्यांवर घासाघीस करत बसला.

"साब, उजाले में आओ ना, अच्छा माल मिलता," भाजीवाले चाचा म्हणाले.

"उजाले में महंगा मिलता, चाचा."

"दस रुपये के वास्ते इत्ती झिकझिक? नोकरी-वोकरी तो है ना?"

चाचांनी अखेर वैतागून सात वाटे चाळीस रुपयांत दिले. वळून बघतो तर मागे भामाबाई. त्यांच्या पिशवीतली एक मेथीची जुडी त्यांनी जावयाच्या पिशवीत घातली. शिवराजला वाटलं, म्हातारीचा जीव आहे आपल्यावर.

आणि मग सार्थकने कळस केला. आजीचा, म्हणजे सारजाबाईंचा, नेहमीचा फोन आला. काय जेवलास, या प्रश्नावर नातू म्हणाला, "वांगी. काल पण वांगी, परवा पण वांगी. पिझ्झा मागितला तर पप्पा म्हणाले, पैसे संपले."

पोरांना पिझ्झा नाकारताना सगळेच बाप असं म्हणतात. पण सारजाबाईंनी फोन ठेवला आणि पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

इकडे शिवराज खुशीत होता. चार महिन्यांत त्याने एक लाख चाळीस हजार रुपये वाचवले होते. महिन्याला लाखाचा संकल्प होता खरा, पण जन्मात पहिल्यांदा काही उरलं होतं. त्याने त्याची मुदत ठेव केली, पावती प्लॅस्टिकच्या पाकिटात घातली आणि रोज सकाळी दात घासून झाल्यावर एकदा काढून बघू लागला. तात्यांपुढे ठेवायला ती कधी न्यायची, एवढाच प्रश्न होता.

तो प्रश्न तात्यांनीच सोडवला. श्रावणातल्या एका रविवारी सकाळी वॉचमनचा फोन आला, "साब, आपके यहाँ पाँच पोते आए है. लिफ्ट में पोते मना है बोला, तो बुढ्ढे साब मेरे कू ही उठाके लिफ्ट के बाहर रख दिए."

ज्वारी दोन पोती, गहू दोन, तुरीची डाळ एक. पाठोपाठ मोसंबीचं क्रेट. मागून तात्या, सारजाबाई, भामाबाई, आणि सगळ्यात शेवटी, चप्पल दाराबाहेर नीट जोडीने काढून, बद्रीनाथ आणि मेघा.

आपल्याकडची रीत अशी, की कुणाच्या घरी वाईट घडलं तर भेटायला गेलेला माणूस तो विषय काढत नाही. आधी पावसाचं बोलतो. सगळे सोफ्यावर बसले. सोफा जागेवर आहे हे बघून सारजाबाईंना जरा धीर आला.

"औंदा पाऊस बरा हाय," तात्या म्हणाले.

"बरा आहे," बद्रीनाथ म्हणाला.

शिवराजने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. बातमी फुटली होती. आपल्या बचतीचं तात्यांना कळलं होतं आणि म्हातारा सगळं गणगोत घेऊन कौतुक करायला आला होता. शिवाय बद्रीनाथलाही सोबत आणलं होतं. याहून चांगला मुहूर्त कुठला?

"म्हणजे तुम्हाला कळलं तर," तो लाजत म्हणाला.

"कळतंच," तात्या म्हणाले. "असल्या गोष्टी झाकून ऱ्हात नाय."

"मी म्हटलं होतं, पूर्ण झाल्यावरच सांगावं."

हे ऐकून सारजाबाईंना रडू फुटलं. "पूर्ण व्हायची वाट पाहत व्हते का हो? आमी काय मेलो व्हतो?"

"तसं नाही, मामी. पण माझं मीच करून दाखवायचं असं ठरवलं होतं."

"किती दिसापासून चाललंय?" तात्यांनी विचारलं.

"चार महिने झाले. आणि खरं सांगू, आता मजा यायला लागलीय."

तात्यांनी बद्रीनाथकडे पाहिलं. बद्रीनाथने मान खाली घातली. माणूस डोक्यावर परिणाम होण्याच्या बेताला आला आहे, असं दोघांच्याही मनात आलं. "शिवराजराव," बद्रीनाथ घसा साफ करून म्हणाला, "मी दोन लाखांचा चेक आणलाय. परत द्यायची घाई नाही."

"चेक? मला कशाला?" शिवराज हसला. हीच ती घडी. तो उठला, कपाटातून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं आणि तात्यांच्या पुढ्यात टीपॉयवर ठेवलं. "आधी हे बघा, तात्या."

तात्यांनी चष्मा लावला. पावती वाचली. पुन्हा वाचली. मग ती बद्रीनाथकडे दिली. बद्रीनाथने ती उलटी करून मागे आणखी काही लिहिलंय का ते पाहिलं. मागे काही नव्हतं.

"एक लाख चाळीस," तात्या हळू आवाजात म्हणाले. "एवढंच ऱ्हायलं?"

"राहिलं नाही, तात्या. साठवलं!"

"नोकरीला किती वर्षं झाली?"

"चौदा."

"दोघांचं मिळून महिन्याला येतं किती?"

खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. उलट हा आकडा एकदा सगळ्यांच्या कानावर जावा असं शिवराजला कधीचं वाटत होतं. "सव्वाचार लाख," तो म्हणाला.

भामाबाईंच्या हातातली मोसंबी खाली पडली. तात्या बोटांवर काहीतरी मोजायला लागले, दुसऱ्या हातावर गेले आणि सोडून दिलं.

"मला खरं सांगा. पत्ते हायेत का?"

"नाही हो."

"शेअरबाजार? ते मोबाईलवरचं रमी का काय ते?"

"छे."

तात्यांनी बायकांकडे पाठ केली आणि आवाज आणखी खाली आणला. "दुसरं काय असलं तरी सांगा. मी बाप्यामाणूस हाय."

"तात्या, शपथ घेऊन सांगतो, काही नाही. सगळे पैसे घरातच खर्च झाले."

हे सगळ्यात वाईट झालं. "जुगारात गेले असते तर मला समजलं असतं," तात्या म्हणाले. "सुटतो माणूस त्यातून. ह्यातून कसं सुटायचं?"

शिवराजने खूप सांगून पाहिलं. आपण बुडालेलो नाही, गाडी तळघरात आहे, ट्रेडमिल हौसेने विकली, वांगी आवडीने खाल्ली. तो जसजसं सांगे तसतशी सारजाबाईंची रडण्याची पट्टी चढत गेली. शेवटी तो बायकोकडे वळला. "अपेक्षा, तू तरी सांग."

अपेक्षा इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या मनात असतं तर एका वाक्यात तिने नवऱ्याला सोडवलं असतं. पण ती पावती तिनेही पाहिली होती. इतरांच्या हातातून फिरताना ती भलतीच लहान दिसत होती.

"बुडालो नाही, तात्या," ती म्हणाली. "पण चौदा वर्षांचं एवढंच आहे, हे खरंय."

तात्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला. एक तारखेला दोघांची कमाई एका वेगळ्या खात्यात टाकायची आणि त्या खात्यावर सही बद्रीनाथरावांची. ते देतील त्यात घर चालवायचं. "लाज वाटून घेऊ नका," तात्या शिवराजला म्हणाले. "बुडत्याला आपलंच माणूस हात देतं."

"अहो, पण मी सुरुवात केलीच होती!"

"व्हय, व्हय," म्हणून तात्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आजाऱ्याच्या पाठीवरून फिरवतात तसा.

पुढचे पाच महिने शिवराजने जे सोसलं ते शत्रूच्या वाट्यालाही येऊ नये. दर शनिवारी संध्याकाळी बद्रीनाथ स्कूटरवरून यायचा, चप्पल जोडीने काढायचा, बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि आठवड्याचं पाकीट टीपॉयवर ठेवून जायचा. क्लब गेला, एक गाडी गेली, घोडा गेला. घोड्याचं सार्थकला काहीच वाटलं नाही, त्याला पहिल्यापासून भीतीच वाटायची. बद्रीनाथ कधी टाकून बोलला नाही, कधी हसला नाही. "शिवराजराव, टायर अजून सहा महिने चालेल असं मला वाटतं, तुम्ही बघा," इतकंच म्हणायचा. या नम्रपणाने शिवराजच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माणूस वाईट असता तर जळायला तरी सोपं गेलं असतं.

पण पैसा साठत होता, हे नाकारून चालणार नव्हतं. शिवराज आतल्या आत आकडा जपत होता. शेवटी पैसे कोणाचे? घाम कोणाचा? बस कोणी धरली, वांगी कोणी खाल्ली? तात्यांना हे आज ना उद्या कबूल करावंच लागणार होतं.

जानेवारीत पाचोडच्या शेतात हुरडा होता. चाळीसेक पाहुणे आगटीभोवती बसले होते. पानावर गरम हुरडा, तिळाची चटणी, दही. हातावरचा कोंडा फुंकत तात्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग शिवराजराव, किती पडली शिल्लक?"

शिवराजने घास खाली ठेवला. "सहा लाख तीस हजार," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

पाहुण्यांत कौतुकाची कुजबुज झाली. तात्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मागे हात केला तशी सारजाबाईंनी पिशवीतून शाल, नारळ आणि नवा कोरा फेटा काढून दिला. तात्या उठले. शिवराजही उठला. त्याने कपडे झटकले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि फेटा बांधायला सोपं जावं म्हणून डोकं जरा पुढे झुकवलं.

तात्या त्याच्या शेजारून पुढे गेले आणि त्यांनी बद्रीनाथला हाताला धरून उठवलं.

"बुडालेलं घर वर काढलं ह्या माणसानं," ते म्हणाले. "दुसऱ्याचं घर कोण सांभाळतंय आजकाल? जावई असावा तर असा."

टाळ्या वाजल्या. फेटा बांधून झाला. शिवराज तसाच उभा होता. आता खाली बसावं तर कसं बसावं, हे त्याला कळेना. तेवढ्यात भामाबाईंनी आपला फोन त्याच्या हातात दिला. "उभेच हायेत तर तेवढा फोटो काढा की जावईबापू. बद्रीनाथराव पूर्ण आले पायजेत."

शिवराजने चार फोटो काढले. चारही फोटोंत तात्या स्वच्छ आले, नारळ स्वच्छ आला, मागची मोसंबीची बाग पानापानानिशी आली. बद्रीनाथ तेवढा गळ्यापर्यंतच आला. आगटीच्या धुराने दिसत नव्हतं, असं शिवराज अजूनही सांगतो.